पोच आली नाही, तर?

जितकी उपकरणं जास्त, तितकं मेश नेटवर्क भक्कम, असं जाहिराती सांगतात. गणित वेगळंच सांगतं. मेशमध्ये निरोप एका उपकरणाकडून शेजारच्याकडे, तिथून पुढच्याकडे असा टप्प्याटप्प्यानं जातो. प्रत्येक टप्पा पार पडण्याची शक्यता ९० टक्के धरली, तरी पाच टप्प्यांनंतर हाती उरतात जेमतेम ५९ टक्के.

मग मेशवर चालणारे स्मार्ट दिवे लागतात कसे? पोच घेतल्यामुळे. झिगबी आणि थ्रेड या घरातली स्मार्ट उपकरणं बिनतारी जोडणाऱ्या पद्धती ज्यावर उभ्या आहेत, त्या ८०२.१५.४ या रेडिओ मानकात निरोपाच्या शेवटी दोन बाइट पडताळणीचे असतात. शेजाऱ्याकडे पडताळा जुळला, की १९२ मायक्रोसेकंदांनी पोच निघते. ती आली नाही तर पाठवणारा तोच निरोप पुन्हा धाडतो, सहसा आणखी तीनदा. चारही प्रयत्न फसण्याची शक्यता ०.१ चा चौथा घात, म्हणजे दहा हजारांत एक. पाच टप्पे मिळून यश ९९.९५ टक्के!

पण या हिशेबात एक गोम आहे. प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र आहे, असं आपण गृहीत धरलं. ही उपकरणं ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतात, त्यांवरच वाय-फायचा मारा सुरू असेल, तर लागोपाठचे चारही प्रयत्न एकदमच बुडतील. शिवाय दोन उपकरणांची टक्कर झाली आणि दोघांनी लगेच पुन्हा पाठवलं, तर पुन्हा टक्कर. यावरची युक्ती हवाई विद्यापीठाच्या अलोहानेट या रेडिओ नेटवर्कनं १९७१ सालीच वापरली होती: कितीही वेळ थांबा, पण दोघांनी सारखाच वेळ नको. ८०२.१५.४ मध्ये प्रत्येक उपकरण ० ते ७ मधला एक आकडा मनाला येईल तसा उचलतं, तितके ३२० मायक्रोसेकंदांचे तुकडे थांबतं आणि मग कानोसा घेतं. वाहिनी मोकळी नसेल, तर पुढचा आकडा ० ते १५ मधला, नंतर ० ते ३१ मधला.

आता खरी गंमत. निरोप पोहोचला, पण पोचच वाटेत हरवली तर? पाठवणारा तोच निरोप पुन्हा पाठवणार. म्हणून प्रत्येक निरोपावर अनुक्रमांक असतो. तोच क्रमांक परत आला, की पोच द्यायची, पण काम करायचं नाही. तरीही आज्ञा जपून निवडलेली बरी. ‘स्थिती उलट कर’ ही आज्ञा चुकून दोनदा पाळली गेली, तर दिवा लागून विझेल. ‘चालू कर’ दहादा पोहोचली, तरी दिवा चालूच.