मोबाइलवर आलेला घराचा नकाशा कसा बघायचा

तुमच्या घराचे काम आमच्याकडे आहे. पुढचे काही महिने नकाशे व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने येत राहतील. ते बघताना अडू नये म्हणून हे माहितीपत्रक. घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या, रोज स्वयंपाकघरात वावरणाऱ्यांना तर नक्कीच.

आम्ही नकाशा ऑटोकॅडमध्ये, म्हणजे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढतो, पण तुम्हाला पीडीएफ पाठवतो. मूळ फाइल द्यायला आमची ना नाही, काम संपल्यावर ती तुमचीच. पण मध्येच ती मोबाइलवर उघडली आणि तिथे आमचा फॉन्ट नसला, तर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. शिवाय चुकून बोट लागून एखादी भिंत सरकली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पीडीएफमध्ये अक्षरे आणि रेषा जागच्या जागी राहतात. पुढे कुणाला पाठवायची झाली तर ती फाइलच डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनशॉट पुसट होतो आणि २३० चे २८० वाचले जाते.

आता नकाशाकडे येऊ. घर जमिनीपासून साधारण चार फुटांवर आडवे कापले आणि वरून पाहिले, तर जे दिसेल तो हा नकाशा. म्हणून त्यात खिडक्या दिसतात. माळा किंवा बीम कापाच्या वर असतो, तो तुटक रेषेने दाखवतो. दाराजवळचा पाव गोल म्हणजे दार कोणत्या बाजूला उघडते ते. हा पाव गोल नीट बघा. एका काकूंनी त्यावर बोट ठेवून विचारले, "हे दार उघडलं की फ्रिजला नाही का लागणार?" लागणारच होते. आमच्या ऑफिसात तो नकाशा तिघांनी तपासला होता. त्यामुळे 'आपल्याला यातलं काय कळतंय' असे म्हणून गप्प बसू नका. त्या घरात तुम्ही राहणार आहात.

आकडे मिलिमीटरमध्ये असतात. ३०५० म्हणजे दहा फूट, २३० म्हणजे नऊ इंची भिंत आणि ११५ म्हणजे साडेचार इंची. नुसत्या आकड्यावरून खोली डोळ्यांसमोर येत नसेल तर सध्याच्या घरात टेप लावा. पलंग आणि भिंत यांच्यात ६०० जागा सोडली आहे असे दिसले, तर तेवढ्या, म्हणजे सुमारे दोन फुटांच्या जागेतून एकदा चालून बघा. रंगीत थ्रीडी चित्रापेक्षा यातून जास्त कळते.

स्क्रीनला पट्टी लावून मात्र मोजू नका. प्रिंटवरही जपून. आमचे नकाशे ए३ कागदासाठी, म्हणजे नेहमीच्या ए४ च्या दुप्पट कागदासाठी असतात. १:१०० च्या नकाशात १ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर. तोच नकाशा ए४ वर बसवला की ते १ सेंटिमीटर साधारण ७ मिलिमीटर होते आणि तीन मीटरची खोली पट्टीने जेमतेम दोन मीटरची भरते. प्रिंट काढून देणाऱ्याला 'ए३, ॲक्चुअल साइज' असे सांगा. तरीही लिहिलेला आकडाच खरा धरायचा.

सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे उजव्या हाताला खालच्या कोपऱ्यातली चौकट. तिथे नकाशाचा क्रमांक, तारीख आणि आर०, आर१, आर२ असे लिहिलेले असते. बदल झाला की आर पुढचा आकडा वाढतो आणि बदललेल्या भागाभोवती ढगासारखी रेष येते. पूर्वी एका कामावर आमच्याकडूनच 'फायनल' आणि 'फायनल नवीन' अशा दोन फाइली गेल्या. मालकांनी गवंड्याला पहिली दाखवली. बेडरूमची खिडकी पूर्वेऐवजी उत्तरेच्या भिंतीत आली, तीही लिंटेलपर्यंत, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या पट्टीपर्यंत बांधून झाली. भिंत फोडावी लागली. चूक आमची होती, खर्चही आम्हीच केला. तेव्हापासून आमच्या कुठल्याही फाइलच्या नावात फायनल हा शब्द नसतो.

नवा नकाशा आला की जुना मोबाइलमधून काढून टाका. साइटवर मिस्त्रींना नकाशा आम्हीच देऊ, तुम्ही पाठवू नका. नगरपालिकेचा मंजुरीचा नकाशा वेगळा. तो बँकेसाठी जपून ठेवा, पण त्यावरून बांधकाम करू नका.

बदल हवा असेल तर प्रिंटवर लाल पेनने खूण करून फोटो पाठवा, किंवा फोन करा, दोघे मिळून एकच पान उघडून बोलू. सगळे पटले की 'आर२ मान्य' एवढे लिहून पाठवा. तो मेसेज आल्याशिवाय आम्ही काम पुढे नेत नाही.