दोन हजार रुपयांत सुटका : बांधकामावरच्या सुरक्षेची पार्श्वभूमी

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा मोडीत काढला. त्या जुन्या कायद्यात माणसाच्या जिवाचा भाव काय लावला होता, ते बघण्यासारखं आहे.

सुरुवात १८६० पासून करावी लागते. भारतीय दंड संहितेच्या कलम २८८ नुसार इमारत पाडताना किंवा दुरुस्त करताना निष्काळजीपणा केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. बांधताना केला तर? त्याबद्दल ते कलम गप्प होतं. ही फट बुजली १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर.

गिरणी कामगारांसाठी १८८१ मध्येच फॅक्टरी कायदा आला आणि कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो सुधारून घेण्यासाठी मुंबई हलवली. बांधकाम मजुराचं तसं झालं नाही. इमारत उभी राहिली की साइट संपते, मुकादम टोळी घेऊन दुसरीकडे जातो. संघटना बांधायची कुठे आणि तपासणी करायची कुठे? १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड बांधकामांवरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम हे धोक्याचं काम आहे असं स्पष्ट केलं. १९८५ पासून न्या. कृष्णा अय्यर यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र कायद्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. कायदा मिळाला १९९६ मध्ये. महाराष्ट्राचे नियम यायला २००७ उजाडलं.

आणि दंड? सुरक्षेचे नियम मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भोपाळच्या वायुकांडानंतर, १९८७ मध्येच, कारखाना कायद्यातला दंड एक लाखापर्यंत नेला होता. कारखान्यात मृत्यू झाल्यास किमान २५ हजार. नऊ वर्षांनी लिहिलेल्या बांधकामाच्या कायद्यात दोन हजार! हा आकडा त्यानंतर तीन दशकं तसाच राहिला, आणि तेवढ्यात इमारती चार मजल्यांवरून चाळीस मजल्यांवर गेल्या. जाळी, मजबूत परांची, बेल्टचा हूक अडकवायला लाइफलाइन, यांतलं काहीही दोन हजारांत होत नाही. ठेकेदाराला हिशोब शिकवावा लागत नाही.

२९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. ते परांचीवर नव्हते, झोपलेले होते. १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यात बाळकुमला ४० मजली इमारतीची बांधकाम लिफ्ट कोसळून सात कामगार दगावले. अशा वेळी निष्काळजीपणाचा गुन्हा पोलीस नोंदवतात आणि चर्चा तिथेच फिरते. लिफ्टची चाचणी झाली होती का, हा प्रश्न अपघाताच्या आदल्या दिवशी विचारायचा असतो, आणि तो कामगार खात्याच्या निरीक्षकाने.

कायद्याचा दुसरा भाग, म्हणजे कामगार कल्याणाचा निधी, मात्र पैशाने भरला. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून देशभर ३७,४०० कोटींहून अधिक जमले आणि खर्च झाले जेमतेम ९,५०० कोटी, अशी नोंद सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये केली. आपल्याकडे हा निधी सांभाळणाऱ्या कल्याणकारी मंडळाची सामानाची पेटी मिळवायला लोक रांगा लावतात. हेल्मेट, बूट देणं हे मुळात मालकाचं काम. ते मंडळाच्या सुरक्षा संचातून मिळू लागल्यावर मालक नामानिराळा राहिला, असं मला वाटतं.

नव्या संहितेत सर्वसाधारण उल्लंघनाला दोन ते तीन लाखांचा दंड आहे. मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड, किंवा दोन्ही. त्यातली निम्मी रक्कम तरी वारसांना देण्याचा आदेश न्यायालय काढू शकतं. झेप मोठी आहे. पण निरीक्षक आता ‘सुविधाकार’ही, म्हणजे मालकाला सल्ला देणाराही, झाला आहे. शिवाय केवळ दंडाचा गुन्हा पहिल्यांदा घडला असेल, तर कमाल दंडाच्या निम्मे भरून तो मिटवता येतो. म्हणजे तीन लाखांचा दंड दीड लाखात, किमान दंडापेक्षाही कमी.