ओल्या ओकचं घर

इंग्लंडमध्ये ओकच्या सांगाड्याचं शेतघर बांधायचं ठरलं की सुतार बहुधा ताजा तोडलेला, पाण्याने जड झालेला ओकच मागवतो. मुरलेल्या सागाचं कौतुक ऐकत वाढलेल्या आपल्याला हे उफराटं वाटेल. पण जाडीच्या दर इंचाला सुकायला साधारण एक वर्ष, असा तिथला जुना ठोकताळा आहे. आठ इंची तुळईसाठी कोण थांबणार? शिवाय सुकलेल्या ओकवर पटाशीची धार टिकत नाही.

म्हणजे लाकूड सुकतं ते घर उभं राहिल्यावर, आणि सुकताना आकसतं. तेही सगळ्या दिशांनी सारखं नाही. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने सुमारे 7-8 टक्के, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास, लांबीत जेमतेम. म्हणून खांबाची उंची तशीच राहते, जाडी घटते आणि अंगावर उभ्या भेगा पडतात. नवे घरमालक घाबरतात. बहुतेक भेगा निरुपद्रवी असतात.

खरी करामत सांध्यात आहे. एका लाकडाचं कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, दुसऱ्याच्या खाचेत बसवतात आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी ठोकतात. मात्र कुसवातलं भोक मुद्दाम काही मिलिमीटर कुसवाच्या मुळाकडे सरकवून पाडलेलं असतं. सुक्या ओकची निमुळती खुंटी त्या वाकड्या वाटेने जाताना किंचित वाकते आणि कुसू आत खेचून घेते. पुढे लाकूड आकसलं, तरी तिचा ताण सांधा सोडत नाही. साधा लोखंडी खिळा इथे चालत नाही: ओकमधलं टॅनिन हे तुरट, आम्लधर्मी द्रव्य लोखंड खातं आणि लाकडावर निळेकाळे डाग पाडतं. मध्ययुगात ओकवर कीटकांमुळे येणाऱ्या गाठी आणि लोहाचा क्षार यांपासून शाई करत, ती याच रसायनावर! धातू लागलाच, तर स्टेनलेस स्टील. एसेक्समधल्या क्रेसिंग टेंपल या ठिकाणची तेराव्या शतकातली धान्यकोठारं अशाच लाकडी सांध्यांवर अजून उभी आहेत.

आता पर्यावरणाचं. सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. एक घनमीटर ओक म्हणजे सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड अडकवून ठेवलेला. पण एवढ्याने घर पर्यावरणपूरक होत नाही. लाकूडतंतूंच्या उष्णतारोधक फळीच्या चौपटीहून अधिक उष्णता ओकमधून वाहते. जुन्या पद्धतीत खांबांच्या मधली जागा भिंतीने भरत, सांगाडा बाहेरून दिसे. लाकूड आकसलं की तिथे फट, फटीतून वारा आणि पाऊस. म्हणून आता अख्खा सांगाडा आत ठेवून बाहेरून उष्णतारोधकाचं अखंड आवरण चढवतात आणि हवेची गळती रोखणारा पडदाही ओकच्या बाहेरूनच नेतात. बाहेरून दिसणारे काळे वासे आणि किरकोळ हीटिंग बिल, दोन्ही हवं म्हणणाऱ्याला मी तरी एकच निवडायला सांगेन.

लंडनच्या अक्षांशावर दुपारचा सूर्य जूनमध्ये 62 अंशांवर असतो, डिसेंबरमध्ये जेमतेम 15. त्यामुळे दक्षिणेच्या मोठ्या खिडक्यांवर छपराची पडवी पुढे काढली, की उन्हाळ्यातलं ऊन अडतं आणि हिवाळ्यातलं थेट आतल्या दगडी फरशीवर येतं. फरशी ती ऊब संध्याकाळपर्यंत धरून ठेवते.

कामाची खोली मात्र उत्तरेला बरी. तिथला उजेड एकसारखा असतो, संगणकाच्या पडद्यावर चकाकत नाही. ऊन नाही म्हणून ती गारठेलच असं नाही: बसलेला माणूस सुमारे 100 वॉट उष्णता देतो, संगणक आणखी थोडी, आणि इतक्या बंदिस्त घरात तेवढीही जाणवते. अडचण आवाजाची. आतल्या भिंतीची कड ओकच्या खांबाला नुसती टेकवली, तर खांब आकसल्यावर तिथे आरपार फट राहते. म्हणून खांबातच उभी खोबण पाडून भिंतीची कड त्यात सरकवतात. खांब आकसला तरी कड खोबणीतच राहते. हे टाळलं, तर दोन हिवाळ्यांनी ऑफिसातली मीटिंग स्वयंपाकघरात ऐकू येते.