लूकची यादी मरीयेची म्हणणाऱ्यांसाठी

नाताळ जवळ आला की आमच्या सातारा-सांगलीकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत एक वाक्य हमखास कानावर येतं: "मत्तयात योसेफाची वंशावळ आहे आणि लूकमध्ये मरीयेची." म्हणजे मत्तय आणि लूक या बायबलमधल्या दोन शुभवर्तमानांत येशूच्या पूर्वजांच्या ज्या दोन याद्या आहेत, त्यांतली एक योसेफाकडची आणि दुसरी त्याच्या आईकडची. संडे स्कूलच्या प्रश्नमंजूषेत त्याला गुणही मिळतात. प्रश्न सुटला, पान उलटलं. नावं वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. याच भागात वंशावळ सांगणारा हेळवी दारात आला, की त्याच्या वहीतल्या पिढ्या ऐकायला अख्खी भावकी ओट्यावर जमते. तेव्हा नावांच्या यादीचा आपल्याला मुळात कंटाळा आहे, असं काही नाही.

मत्तयाची यादी बहुतेकांना माहीत असते. अब्राहामापासून खाली, दाविदावरून, बाबेलच्या बंदिवासावरून ख्रिस्तापर्यंत, चौदा-चौदाच्या तीन गटांत. शेवटच्या गटात मोजून तेराच नावं भरतात, आणि योरामानंतरचे अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे गाळलेले आहेत. मत्तयाने आकडा बसवलाय. त्यावर तासभर वाद घालणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार. लूक उलटा चालतो, येशूपासून वर थेट आदामापर्यंत. दाविदापाशी मत्तय शलमोनाची वाट धरतो, लूक नाथानाची (संदेष्टा नाथान वेगळा, हा दाविदाचा मुलगा). शल्तीएल आणि जरुब्बाबेल दोघांकडे भेटतात, मग पुन्हा फाटे फुटतात. हे फरक वहीत दोन रकाने आखून मांडता येतात आणि तिथेच संपतात.

गाडी अडते ती योसेफाच्या बापापाशी. मत्तय १:१६ म्हणतो याकोब, लूक ३:२३ म्हणतो एली. या पेचातून सुटायला "एली हा मरीयेचा बाप, योसेफ त्याचा जावई" अशी वाट काढली जाते. ती अशक्य आहे, असं मी म्हणणार नाही. पण लूक उघडून बघा. त्या यादीत मरीयेचं नाव नाही, जावयाचा उल्लेख नाही. ज्या लूकने पहिल्याच अध्यायात मरीयेचं स्तोत्र सबंध दिलं, त्याला तिचं घराणं सांगायचं असतं तर तिचं नाव घालायला त्याला कोणी अडवलं होतं? दाविदाचं घराणं तो योसेफाला जोडतो, १:२७ मध्ये आणि पुन्हा २:४ मध्ये. मरीयेच्या नात्यागोत्यातलं तो सांगतो ते एवढंच, की तिची नातलग अलीशिबा अहरोनाच्या कुळातली होती.

तिसऱ्या शतकात जुलियस आफ्रिकानस याने वेगळा तोडगा सांगितला होता. याकोब आणि एली यांची आई एक, बाप वेगळे. एली निपुत्रिक वारला, तेव्हा बायबलच्या अनुवाद या पुस्तकातल्या २५व्या अध्यायाच्या नियमाप्रमाणे याकोबाने त्याच्या विधवेशी लग्न केलं; अशा लग्नातलं पहिलं मूल मेलेल्या भावाच्या नावावर लागतं. त्यामुळे योसेफ जन्माने याकोबाचा आणि कायद्याने एलीचा. हेही सिद्ध करता येत नाही. तरी मला हाच बरा वाटतो, कारण यात दोन्ही याद्या योसेफाच्याच राहतात, आणि दोन्ही शुभवर्तमानं तेच म्हणतात.

पण खरा घोळ पुढेच आहे. यादी मरीयेचीच हवी, असा हट्ट कशासाठी? खोदून विचारलं की येशू कुमारी मरीयेपोटी जन्मला यावर बोट ठेवून उत्तर येतं: "योसेफ काही खरा बाप नाही. त्याच्या वंशावळीचा येशूला काय उपयोग? रक्त तर मरीयेचं."

हे साताऱ्यात बसून म्हणावं म्हणजे कमाल झाली! १८४८ साली साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराजांनी मरणापूर्वी दत्तक घेतला, आणि कंपनी सरकारने तो गादीसाठी मान्य केला नाही. दत्तकाला खाजगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळणार नाही, हा गव्हर्नर जनरल डलहौसीचा पवित्रा. त्याच जोरावर सातारा खालसा झालं. इतिहासाच्या तासाला यावर दात-ओठ खायचे आणि रविवारी उपासनेत तोच डलहौसीचा मुद्दा येशूला लावायचा, हे कसं काय जमतं?

मत्तयाला हा पेच पुरता ठाऊक आहे. अब्राहामापासून अमक्याला तमका झाला असं एका चालीत सांगत तो येतो आणि योसेफापाशी चाल मोडतो: योसेफ मरीयेचा पती, आणि तिच्यापासून येशू जन्मला. इथे यादी तुटली असं वाटतं. म्हणून तर लगेच पुढची गोष्ट योसेफाची आहे. देवदूत त्याला "दाविदाच्या पुत्रा" अशी हाक मारतो आणि मुलाचं नाव तू ठेव म्हणतो. अध्याय संपतो तोही त्याने नाव येशू ठेवलं, यावरच. नाव ठेवलं म्हणजे मूल आपलं म्हटलं, आणि दाविदाचं घराणं येशूपर्यंत पोचलं. मूल आपल्या रक्ताचं नाही हे पक्कं माहीत असलेल्या माणसाच्या होकारावर मत्तयाने ही सगळी वंशावळ टेकवली आहे. पहिली सतरा वचनं गाळून थेट बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी लोकांकडे, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांकडे, पळणाऱ्याला हे दिसणार कुठून?

लूकच्या यादीचा अर्थ तिच्या जागेत आहे. ३:२२ मध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशवाणी होते: तू माझा पुत्र. लगेच यादी सुरू होते, लोक येशूला योसेफाचा पुत्र समजत अशी, आणि थांबते ती आदाम, देवाचा पुत्र, इथे. त्यानंतर अरण्य, आणि ४:३ मध्ये सैतानाचा पहिला डाव: तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्याची भाकर कर. आता देवाचे पुत्र म्हटलेले दोघे समोरासमोर आले. एक बागेत, एक झाड सोडून सगळं खायला मोकळं असताना घसरला. दुसरा चाळीस दिवसांच्या उपाशीपोटी टिकला. एली कोणाचा कोण यात गुंतलेला वाचक आदामापर्यंत पोचतच नाही.

जाता जाता, व्यासपीठावरचा आणखी एक घोळ. त्या प्रसिद्ध पाच स्त्रिया (तामार, राहाब, रूथ, बथशेबा आणि मरीया) मत्तयात आहेत, लूकच्या यादीत एकही नाही. आणि त्यांतल्या मरीयेआधीच्या चौघींना सरसकट "पापी स्त्रिया" म्हणणं आता पुरे. रूथचं पाप कोणतं, ते दाखवा. तामार आपल्यापेक्षा नीतिमान आहे, हे तिचा सासरा यहूदा यानेच कबूल केलंय, उत्पत्ती ३८:२६. बथशेबेचं तर मत्तय नावही घेत नाही, उरीयाची बायको म्हणतो. दुसऱ्याची बायको बळकावली ती दाविदाने, म्हणून त्या ओळीत अब्रू जाते ती दाविदाची.