वाळू की सॉइल? ड्वार्फ सिक्लिडच्या प्लांटेड टॅंकमागची गोष्ट

"रॅमची पेअर मिळालीये, प्लांटेड टॅंकमधेच ब्रीड करायचीये, खाली काय टाकू?" असं कुणी विचारलं (रॅम म्हणजे ड्वार्फ, म्हणजे लहान, सिक्लिड माशांपैकी एक; प्लांटेड टॅंक म्हणजे जिवंत झाडं लावलेला फिशटॅंक) की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो बारीक वाळू टाक, दुसरा म्हणतो सॉइल (झाडांसाठीच्या मातीच्या गोळ्या) नसेल तर त्याला प्लांटेड म्हणूच नकोस. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण दोघांची घराणी वेगळी आहेत. प्लांटेड टॅंकचं घराणं एक, सिक्लिड ब्रीडिंगचं दुसरं, आणि गेली काही वर्षं आपण दोन्ही एकाच काचेच्या पेटीत कोंबायला लागलोय. सायकलिंग (नव्या टॅंकचं पाणी माशांसाठी तयार करणं), पाणी बदलणं वगैरे सगळ्यांना माहीत आहे असं धरून पुढे जातो.

फार जुनं थोडक्यात उरकतो. 1850 मधे लंडनच्या एका रसायनशास्त्रज्ञाने दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया आणि गोगलगायी एकत्र ठेवून दाखवल्या: झाडं ऑक्सिजन देतात, गोगलगायी सडका पाला खातात, पाणी टिकतं. त्यातून ‘बॅलन्स्ड ॲक्वेरियम’ ही कल्पना निघाली आणि पुढे कितीतरी पिढ्या लोक तिचा जप करत बसले. आजही "माझ्या टॅंकचा बॅलन्स बसलाय, पाणी बदलावंच लागत नाही" म्हणणारे काका भेटतात ते याच परंपरेतले.

ब्रीडिंगचं घराणं मुख्यतः जर्मनीत वाढलं. तिथल्या बऱ्याच शहरांत नळाचं पाणी कडक (क्षारांचं), आणि ॲपिस्टो (ॲपिस्टोग्रामा, रॅमसारखेच लहान सिक्लिड) तर दक्षिण अमेरिकेतल्या मऊ, आंबट, चहाच्या रंगाच्या पाण्यातले. मग पीट (दलदलीतला कुजका पाला) टाका, पावसाचं पाणी साठवा, पुढे आरओ लावा असे उद्योग सुरू झाले. टॅंकमधे सजावट जवळपास नाहीच, एक मातीची कुंडी आडवी नाहीतर अर्धी नारळाची करवंटी, जावा मॉसचा गोळा आणि स्पंज फिल्टर, बस्स. झाडं आडोशापुरती. हे सगळं वाचून आपल्याकडे मुंबई-पुण्यातल्या लोकांनीही आरओ लावले, जेव्हा धरणाचं पाणी मुळातच मऊ आहे आणि खरी अडचण बोअरवेल नाहीतर टॅंकरवाल्यांची आहे. पानांचंही तेच. देशी बदामाची सुकी पानं टॅनिनसाठी, म्हणजे पाणी चहाच्या रंगाचं व्हायला, ऑनलाइन पाकिटातून विकत घ्यायची आणि सोसायटीच्या गेटपाशी तीच पानं झाडून जाळायची. असो.

आता नावाचा घोळ, कारण वाळूच्या भांडणाचं मूळ मला तरी तिथे दिसतं. रॅम 1940 च्या दशकाच्या शेवटी व्हेनेझुएलाकडून अमेरिकेत आला. 1948 मधे दोन अमेरिकन संशोधकांनी त्याला ॲपिस्टोग्रामा रामिरेझी म्हटलं, ज्यांनी मासे पकडून आणले त्यांच्यापैकी एकाच्या आडनावावरून. लहान सिक्लिड म्हणजे ॲपिस्टोग्रामा, इतका सरळ हिशोब. (ॲपिस्टोग्रामा हे नावसुद्धा दुसऱ्या फेरीतलं. 1906 ला वेगळं नाव दिलं होतं, ते एका पतंगाला आधीच दिलेलं निघालं म्हणून 1913 ला बदललं.) पण रॅम ॲपिस्टोसारखा वागतच नाही. ॲपिस्टोची मादी गुहेत, छताला अंडी चिकटवते, पिवळीधमक होऊन एकटी राखण करते आणि नराला हाकलून देते. रॅम उघड्या सपाट दगडावर अंडी घालतो आणि नर-मादी दोघं राखतात. म्हणजे हा वेगळा वंश हवा हे ओघानेच आलं. मग 1968 सालच्या एका डॅनिश पुस्तकात मिक्रोजिओफॅगस असं नाव आलं, त्यांच्या पद्धतीने ‘के’ वापरून. पुढे अमेरिकेत तेच नाव ‘सी’ लावून फिरायला लागलं. 1977 मधे एका स्वीडिश संशोधकाने नीट अभ्यास करून तिसरंच नाव दिलं, पॅपिलिओक्रोमिस, म्हणजे फुलपाखरू सिक्लिड, आणि ते इतकं गोड होतं की युरोपातली पुस्तकं बरीच वर्षं तेच छापत राहिली. शेवटी नियमाप्रमाणे आधी रीतसर छापलेलं नाव टिकलं, तेही ‘के’वालं.

तर जिओफॅगस म्हणजे माती खाणारा. त्या नावाचे मोठे दक्षिण अमेरिकन सिक्लिड आधीपासून होते, हा त्यांचा छोटा भाऊ. पोटात माती घेत नाही अर्थातच, चाळतो. टॅंकसमोर नाक लावून बसलं तर दिसतं, रॅम तिरका होऊन तोंड भरून वाळू उचलतो, दोन सेकंद घोळवतो, खाण्यालायक तेवढं ठेवतो आणि बाकीची कल्ल्यांतून सोडून देतो, दोन्ही बाजूंनी वाळूची बारीक धार पडते. सॉइलवर तो हे करायला जातो, एक गोळी उचलतो, चघळतो, थुंकतो. नावातच उत्तर आहे असं वाळूवाले म्हणतात आणि मला ते पटतं, इथेच सांगून टाकतो.

नावांच्या घोळाचं नुकसान ब्रीडिंगलाही झालं. ॲपिस्टोमधे कॅकाटुऑइडिस बरीच वर्षं बोरेली या नावाने विकला गेला आणि खरा बोरेली राइट्झिगी म्हणून. म्हणजे जुन्या पुस्तकातल्या बोरेलीच्या टिप्स वाचून कुणी टॅंक लावला तर तो दुसऱ्याच माशाचा टॅंक. बोरेली पराग्वेकडचा, थंड पाणी चालवून घेणारा, कॅकाटुऑइडिस ॲमेझॉनच्या वरच्या भागातला. आणि ‘जर्मन ब्ल्यू रॅम’मधलं जर्मन म्हणजे तिथल्या ब्रीडरांची पुण्याई, मासा ओरिनोकोच्या खोऱ्यातला, आणि आज दुकानात येतो तो बहुतेक वेळा आशियातल्या फार्ममधून.

प्लांटेडचं घराणं वेगळ्या वाटेने आलं. हॉलंडमधे झाडांच्या रांगा लावून स्पर्धा भरवायचे. 1980 च्या दशकात जर्मनीत तळाखाली हीटिंग केबल, झाडांसाठी सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) बाटली, लिक्विड खतं हे सगळं पद्धतशीर झालं. मग जपानमधल्या एका फोटोग्राफरने दगड, लाकूड आणि गवतासारखी झाडं लावून डोंगरदऱ्यांसारखे देखावे केले, 90 च्या दशकात त्याची पुस्तकं जगभर गेली आणि मासा झाला देखाव्यातला ठिपका. त्यामागोमाग आली भाजलेल्या मातीच्या गोळ्यांची सॉइल. ती झाडांना खत देते, पीएच साडेसहाच्या आसपास किंवा खाली ओढते, केएच (पाण्याची कार्बोनेट कडकता) खाते. कागदावर बघितलं तर ॲपिस्टोला हवं ते सगळं हिच्यात आहे! म्हणून सॉइलवाले म्हणतात, पीट नको, आरओची कटकट नको, पिशवी ओता. यात तथ्य आहे, नाही असं नाही.

पण नवी सॉइल पहिले काही आठवडे अमोनिया सोडते, घाई करून मासे टाकले की गेले. गोळ्यांच्या फटीत बेबी ब्राइन (पिल्लांचं बारीक जिवंत खाद्य) पडतात आणि सडतात, पिल्लांना ते सापडत नाहीत. तापमानाचा तर सरळ झगडाच आहे. देखाव्यातली नाजूक झाडं 24-25 डिग्रीला खूश, रॅमला 28 च्या वर पाहिजे, आणि गरम पाण्यात सीओटू कमी विरघळतो म्हणून बाटली अजून उघडायची आणि मग दगडावरची जोडी धापा टाकताना दिसते. रॅमच्या टॅंकमधे शेवटी टिकतात ती ॲन्युबियास, जावा फर्न, क्रिप्ट, व्हॅलिस्नेरिया, म्हणजे ज्यांना सॉइल लागतच नाही किंवा मुळाशी एक खताची गोळी दाबली की पुरतं. क्रिप्ट तर आपल्या कोकणातल्या ओढ्यांतही आहेत, रेट्रोस्पायरॅलिससारखे, वाहत्या पाण्यात गाळ-वाळूत मुळं रोवून.

आपल्याकडे हे दोन्ही उशिरा आलं. मी सुरुवात केली तेव्हा टॅंक म्हणजे अंडरग्रॅव्हल फिल्टरची प्लेट, वर निळी-गुलाबी खडी, बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा डायव्हर आणि रविवारी कुर्ल्याच्या बाजारातून पाण्याच्या पिशवीत आणलेले मासे. झाड लावलं तर मुळं प्लेटच्या फटीत घुसायची आणि साफसफाईला सगळं उपटून यायचं. साधारण 2010 नंतर सॉइल, एलईडी आणि सीओटू किट सहज मिळायला लागले आणि ज्यांनी प्लांटेडपासून सुरुवात केली त्यांना सिक्लिड नंतर भेटले. त्यांच्या दृष्टीने सॉइल ही गृहीत गोष्ट, मासा पाहुणा. जुने ब्रीडर उलटे.

त्यात फार्मच्या रॅमची भर. पिढ्यान् पिढ्या अंडी आईबापांपासून काढून मेथिलिन ब्ल्यूच्या (बुरशी रोखणाऱ्या निळ्या औषधाच्या) पाण्यात उबवलेली, त्यामुळे आजची जोडी अंडी घालते आणि बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत खाऊन टाकते. दोष मग सॉइलला, वाळूला, लाइटला, कुणालाही. उन्हाळ्यात ॲपिस्टोची वेगळी तऱ्हा. 1996 मधे एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ॲपिस्टोच्या तीसपेक्षा जास्त जातींवर 23, 26 आणि 29 डिग्रीला पिल्लं वाढवून बघितली, आणि बहुतेकांत गरम पाण्यात नर जास्त, थंडात माद्या जास्त. एप्रिल-मेमधे मुंबईत हीटर न लावता टॅंक तिशी गाठतो, मग चाळीस पिल्लांत बहुतेक सगळे नर निघाले तर कुणाचा शाप नाही तो.

हल्ली मधला मार्ग निघालाय, मागे सॉइल, पुढे वाळू, मधे दगडांची ओळ. फोटोत फार छान दिसतं. मी पण केलं होतं, फिल्टरची सिलिका सँड चाळून, चार वेळा धुऊन. कॅकाटुऑइडिसच्या मादीने करवंटीचं तोंड अरुंद करायला पुढची वाळू तोंडाने उचलून उचलून मागे नेली, दगडांखालून सॉइल घसरली, आणि महिन्याभरात पांढऱ्या वाळूवर सगळीकडे तपकिरी गोळ्या. पिल्लं मात्र त्याच टॅंकमधे निघाली, 60 च्या आसपास.