डिजिटल पियानोची सेटिंग्ज : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डिजिटल पियानो घरी बसवल्यानंतर थोड्याच दिवसांत ‘पट्ट्या जड लागतात’, ‘पेडल उलटे चालते’, ‘पेटीशी सूर जुळत नाही’ अशा तक्रारी आमच्याकडे येतात. त्यांतल्या पुष्कळ तक्रारींच्या मुळाशी बिघाड नसून एखादे बदललेले सेटिंग असते, किंवा ते वाजवणाऱ्याला आणि खोलीला साजेसे करून घ्यायचे राहिलेले असते. म्हणून तंत्रज्ञाच्या वाटेवर डोळे लावून सुट्टीचा दिवस घालवण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासून पाहाव्यात, ही विनंती. बटणांची नावे व जागा मॉडेलनुसार वेगळ्या असल्याने वाद्यासोबतची पुस्तिका हाताशी असू द्यावी.

सर्वाधिक गैरसमज टचविषयी असतो. टच ‘लाइट’ केल्याने पट्टीचे वजन कमी होत नाही. ते यंत्रणेतच ठरलेले असते. पट्टी खाली जाताना सेन्सर तिचा वेग मोजतात आणि त्या वेगावरून आवाज किती मोठा उमटावा हे ठरते. टच सेटिंग बदलते ते एवढे गणित. ‘लाइट’वर हलक्या हातानेही आवाज मोठा येतो, तर ‘हेवी’वर तेवढ्याच आवाजासाठी पट्टी अधिक जोराने दाबावी लागते. एकच पट्टी आधी अगदी हळू, मग मध्यम आणि मग जोरात वाजवून पाहावी. मध्यम दाबालाच आवाज टिपेला पोहोचत असेल, तर सेटिंग ‘हेवी’कडे सरकवावे. शिकणाऱ्या मुलांसाठी आम्ही ‘मीडियम’च सुचवतो, कारण ‘लाइट’वर तयार झालेला हात क्लासमधल्या किंवा परीक्षेतल्या तारांच्या पियानोवर कमी पडतो. सगळे सूर एकाच जोराने वाजत असतील, तर टच ‘फिक्स्ड’वर गेलेला नाही ना, किंवा ऑर्गनचा आवाज निवडलेला नाही ना, हे पाहावे.

पट्ट्या जड लागण्याचे आणखी एक कारण मुंबईतल्या घरांत नेहमी आढळते, ते म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून अगदी कमी ठेवलेला आवाज. आवाज पुरेसा येत नाही म्हणून वाजवणारा नकळत पट्ट्यांवर जोर देत राहतो आणि दोष मात्र पट्ट्यांना लागतो. रात्रीच्या रियाजाला हेडफोन लावून आवाज मध्यम ठेवणे अधिक बरे.

गाण्याला साथ करणाऱ्यांनी ट्रान्स्पोज आणि ट्यूनिंग यांतला फरक समजून घ्यावा. ट्रान्स्पोज अर्ध्या सुराच्या पायऱ्यांनी चालते. गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा ‘सा’, काळी दोन असेल आणि आपल्याला पांढरी एकमधून वाजवण्याची सवय असेल, तर ट्रान्स्पोज +३ करावे, कारण पांढरी एकनंतर काळी एक, पांढरी दोन आणि काळी दोन अशा तीन पायऱ्या होतात. साथ संपल्यावर ते शून्यावर आणणे विसरू नये. अन्यथा नोटेशन वाचून शिकणाऱ्या मुलाला दिसतो एक सूर आणि ऐकू येतो दुसरा.

ट्यूनिंगने मात्र संपूर्ण वाद्य किंचित वर-खाली होते. वाद्य येते तेव्हा मधली पांढरी सहा सहसा ४४० हर्ट्झवर लावलेली असते. आयएसओ १६ या आंतरराष्ट्रीय मानकातील आकडाही हाच आहे. घरातली जुनी पेटी बरेचदा त्याहून थोडी चढी वा उतरी असते, आणि पेटीचे सूर घासून घेण्यापेक्षा पियानो तिच्याशी जुळवणे केव्हाही सोपे. पियानोवर ऑर्गनचा आवाज निवडावा, कारण तो पट्टी दाबलेली असेपर्यंत टिकतो, आणि दोन्ही वाद्यांवर हीच पांढरी सहा एकत्र धरून ठेवावी. सूर जुळत नसतील तर आवाजात लाटा ऐकू येतात. ट्यूनिंग हळूहळू बदलत गेल्यावर त्या संथ होतात आणि नाहीशा होतात, तिथे थांबावे. ४४० वरून ४४२ वर गेल्यास सूर साधारण ८ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या बाराव्या भागाएवढा, चढतो. सरावलेल्या कानाला तेवढाही फरक जाणवतो.

पेडल उलटे चालत असेल, म्हणजे पाय काढल्यावर सूर लांबत असेल, तर वाद्य बंद करून पेडलची पिन नीट बसवावी आणि पेडलवर पाय न ठेवता ते पुन्हा सुरू करावे. अनेक मॉडेल सुरू होतानाच पेडलची दिशा ओळखतात.

लाद्यांच्या, पडदे नसलेल्या लहान खोलीत रिव्हर्ब, म्हणजे वाद्याने आवाजाला दिलेला कृत्रिम घुमारा, कमी ठेवावा. खोलीच पुरेसा घुमारा देते.

पियानोच्या दोन्ही अर्ध्या भागांत सारखेच सूर येऊ लागले, तर शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी असलेली ‘ड्युओ’ किंवा ‘ट्विन’ सोय चुकून चालू झालेली असते. स्पीकर गप्प असतील तर आधी हेडफोनच्या जागी राहून गेलेला अडॅप्टर पाहावा. संगणक जोडला असल्यास ‘लोकल कंट्रोल’, म्हणजे पट्ट्या दाबल्यावर वाद्याचा स्वतःचा आवाज येऊ देणारे सेटिंग, चालू आहे का, हेही पाहावे. काही वेळ न वाजवता राहिल्यास वाद्य आपोआप बंद होणे ही वीज वाचवण्याची सोय आहे आणि ती सेटिंगमधून बंद करता येते.

फॅक्टरी रिसेट हा शेवटचा उपाय समजावा. काही मॉडेलांत त्यामुळे साठवलेली रेकॉर्डिंगही पुसली जातात, तेव्हा ती आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. त्यानंतरही तक्रार राहिली, तर फोन करताना मॉडेल व सीरियल क्रमांक, निवडलेला आवाज आणि दोष एकाच पट्टीत आहे की सर्व पट्ट्यांत, एवढे सांगावे; त्यावरून तंत्रज्ञ लगेच पाठवायचा की सुटा भाग आधी मागवायचा, हे आम्हांला ठरवता येते.