दंतमुळाचे सिमेंटम

दाताच्या मुळातील डेंटिनला (दाताच्या आतल्या मुख्य कठीण थराला) बाहेरून वेढणाऱ्या आणि परिदंत बंधाचे (दात जबड्याच्या हाडाशी जोडणाऱ्या ऊतकाचे) तंतू दाताच्या बाजूने रोवून धरणाऱ्या कठीण ऊतकाला सिमेंटम म्हणतात. 1835 मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांच्या दोन शिष्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याची जाडी दाताच्या मानेपाशी (दर्शनी भाग व मूळ मिळतात तिथे) सुमारे 20 ते 50, तर मुळाच्या टोकाकडे 150 ते 200 मायक्रोमीटर असते.

मुळाचा आकार ठरतो तो हर्टविगच्या आवरणामुळे. दाताचा दर्शनी भाग घडत आल्यावर दंतवल्क (दाताचे बाहेरचे कठीण कवच) घडवणाऱ्या दंतवल्क-अवयवाचे आतील व बाहेरील पेशीस्तर मानेपाशी जुळतात आणि हे दुपदरी आवरण खाली वाढू लागते. ओस्कार हर्टविग यांनी 1874 मध्ये उभयचरांत व फोन ब्रुन यांनी 1887 मध्ये सस्तन प्राण्यांत त्याचे वर्णन केले. आवरणालगतच्या पेशी डेंटिन रचू लागल्या की ते तुटते. त्याचे उरलेले पुंजके मालासे यांच्या नावाने ओळखले जातात.

सिमेंटम रचणाऱ्या पेशी येतात कोठून, हा जुना वाद आहे. त्या दंतपुटकातील (वाढत्या दाताभोवतीच्या पिशवीतील) मेझेन्काइम पेशी, म्हणजे भ्रूणातील संयोजी ऊतकाच्या पेशी, असून आवरण तुटल्यावर डेंटिनपर्यंत पोचतात, हे परंपरागत मत होय. आवरणातीलच काही उपकला (अस्तर बनवणाऱ्या) पेशी रूप पालटून सिमेंटम रचतात, असे दुसरे मत आहे. पेशीसंवर्धनात असा पालट दिसल्याने त्याला बळ मिळाले. तथापि उंदरांतील पेशींचा वंश खुणेने शोधणाऱ्या प्रयोगांत बहुतांश पेशी पुटकाकडच्याच आढळतात. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते, मात्र आवरणाने दिलेल्या संकेतांचे महत्त्व त्याने उणावत नाही.

सिमेंटममध्ये खनिज साचण्याच्या पेशीक्रियेत पायरोफॉस्फेट हे संयुग निर्णायक ठरते. ते खनिज-स्फटिकांची वाढ रोखते, आणि पेशीपटलावरील अल्कधर्मी फॉस्फेटेज त्याचे विघटन करून हा अडसर दूर करते. हे विकर जन्मतः उणे पडणाऱ्या हायपोफॉस्फेटेशिया या विकारात पेशीविरहित (आत पेशी न अडकलेले) सिमेंटम नीट तयार होत नाही, आणि दुधाचे दात मूळ न झिजताच अकाली पडतात.

सिमेंटमच्या आधाराने जबड्याच्या हाडातील खाचेत बसलेला दात म्हणजे कायमचा दात, असे मात्र नाही. कोकणात मोरी किंवा मुशी म्हणून विकल्या जाणाऱ्या शार्कचे दात खाचेत नसतात, तंतुमय ऊतकाने धरलेले असतात. चिपळूणच्या वाशिष्ठीतील मगरीचे दात खाचेत असून मुळांवर सिमेंटम असते, तरीही ते वारंवार बदलतात.

पाठ्यपुस्तकांनुसार सुमारे 10 टक्के दातांत दंतवल्क व सिमेंटम मानेपाशी एकमेकांना भिडत नाहीत आणि डेंटिनची अरुंद पट्टी उघडी राहते. मशेरी लावणाऱ्यांच्या हिरड्या उतरून मूळ उघडे पडले आणि रोजच्या घासण्याने मानेपाशी आधीच पातळ असलेले सिमेंटम झिजले, तर डेंटिनच्या नलिका मोकळ्या होऊन थंड पाण्याने दात शिवशिवतात.